फरशी रोज पुसायची की एक दिवसाआड? मराठवाड्यातल्या घरांसाठी तुलना

आमच्या गल्लीत, परभणीत, तीन घरांत तीन रीती आहेत. माझी धाकटी जाऊ रोज पोछा मारते. मी एक दिवसाआड पुसते, स्वयंपाकघर तेवढं रोज. समोरच्या काकू आठवड्यातून दोनदा पुसतात. तिन्ही घरं नीटनेटकी आहेत, तरी उन्हाळा लागला आणि नळाचं पाणी पाचव्या-सहाव्या दिवसावर गेलं की ओट्यावर बसून हाच विषय निघतो : रोज पुसणं खरंच गरजेचं आहे का? नव्या घरात राहायला गेलेल्या भाचीनंही परवा हेच विचारलं. तिच्यासाठी हे लिहिते आहे.

झाडणं आणि पुसणं यांची कामं वेगवेगळी आहेत, हे आधी सांगते. झाडून केर निघतो : खडे, केस, अन्नाचे कण, कापसाचे तंतू. बारीक धूळ मात्र झाडल्यानं पुष्कळशी जागा बदलते, जात नाही. सकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप येते तेव्हा शिंदीच्या फड्यानं खोली झाडून पाहा. त्या तिरिपीत धूळ किती वेळ तरंगत राहते ते डोळ्यांनी दिसतं. जड कण लगेच खाली बसतात, बारीक कण हवेत राहतात आणि तेच छातीत जातात. माझ्या सासूबाईंना दमा आहे. त्या खोलीत असताना मी कधीच झाडत नाही. त्या अंगणात बसल्या की पंखा बंद करून, मऊ झाडू खाली दाबून, न उडवता झाडते. वीसेक मिनिटं थांबून मग पुसते. झाडल्या झाडल्या पुसलं तर तरंगणारी धूळ पुसलेल्या फरशीवर पुन्हा येऊन बसते आणि मेहनत वाया जाते.

म्हणून झाडण्याबाबत माझं मत पक्कं आहे : रोज, एकदा तरी. अन्नाचे कण रात्रभर पडून राहिले की मुंग्या, झुरळं येतात, झुरळांच्या मागं पाली. स्वयंपाकघर तर रात्री जेवणं झाल्यावरही झाडावं. प्रश्न उरतो तो पुसण्याचा.

पांढऱ्या फडक्यानं पाहिलेलं

मार्चमध्ये मी जुन्या धोतराचे चौकोनी तुकडे केले. सगळं घर स्वच्छ पुसून घेतलं आणि मग रोज ओल्या तुकड्यानं वेगवेगळ्या जागच्या एकेका फरशीवर हात फिरवला. दारासमोरच्या फरशीवर एका दिवसातच तुकडा काळपट झाला. ओट्याखाली एका दिवसात पिवळसर, चिकट डाग आला, फोडणीच्या तेलाचा. बैठकीत दुसऱ्या दिवशी राखाडी. झोपायच्या खोलीत तिसऱ्या दिवशीही अगदी पुसट. आठ दिवसांनी पलंगाखाली हात घातला तेव्हा धुळीचे आणि केसांचे गोळेच हाताला लागले.

तेव्हापासून मी ‘घर कधी पुसायचं’ असा विचार सोडला. एकाच घरात दार, स्वयंपाकघर, बैठक आणि पलंगाखालची जागा यांचा मळ वेगवेगळ्या वेगानं साचतो. दारातला मळ चपलांसोबत येतो, त्यामुळं चपला बाहेर काढायची सवय आणि दाराशी जाड पायपुसणं या दोन गोष्टींनी बैठकीतलं पुसणं बरंच कमी होतं. पायपुसणं मात्र आठवड्यातून एकदा उन्हात आपटून घ्यायला हवं, नाहीतर तेच धूळ वाटत बसतं.

ऋतूचाही फरक पडतो. नोव्हेंबरात शेतातला कापूस घरात आला तेव्हा हेच करून पाहिलं, तर झोपायच्या खोलीतला तुकडा एका दिवसात काळवंडला. कापूस घरात साठवला की घरच्यांच्या अंगाला खाज सुटते, हा आपल्याकडं घरोघरचा अनुभव आहे. तेवढे दिवस रोज ओलं पुसावंच, आणि जमलं तर कापसाची खोली वेगळी ठेवून दार लावून घ्यावं. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांतही तसंच. फवारणी करून आलेल्या माणसानं कपडे आणि चपला बाहेरच ठेवाव्यात. औषध पायांसोबत घरात येतं आणि रांगतं मूल तिथंच हात टेकवून तोच हात तोंडात घालतं.

रोज, एक दिवसाआड, आठवड्यातून दोनदा

माझ्या घरात एकदा सगळं पुसायला पोछा पिळण्या-धुण्यासकट दीड बादली पाणी लागतं, म्हणजे साधारण २४ लिटर. रोज पुसलं तर महिन्याला ७२० लिटर, एक दिवसाआड ३६०. वाचलेलं पाणी जवळपास २०० लिटरच्या दोन ड्रमांएवढं होतं. आठवड्यातून दोनदा पुसणाऱ्या काकूंचं सव्वादोनशे लिटरच्या आत भागतं. ज्या भागात एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं हा हिशेब आधी मांडायला हवा असं मला मनापासून वाटतं.

रोज पुसण्याचा खरा फायदा जावेच्या घरी दिसतो. तिचं बाळ नऊ महिन्यांचं, दिवसभर जमिनीवर. त्याचे गुडघे आणि तळहात संध्याकाळी पाहिले की फरशीची खबर कळते. रांगतं मूल, घरात दम्याचा किंवा धुळीच्या ॲलर्जीचा माणूस, कुत्रं-मांजर, किंवा रस्त्याला लागून कच्च्या वाटेवरचं घर असेल तर रोज पुसणं वावगं नाही. पण तिलाही मी सांगितलं, सगळं घर रोज पुसू नकोस. बाळ फिरतं ती खोली आणि स्वयंपाकघर रोज, बाकीचं एक दिवसाआड. तेवढ्यानं तिची एक बादली वाचते.

एक दिवसाआड ही रीत चार-पाच माणसांच्या, पक्क्या फरशीच्या बहुतेक घरांना पुरते. स्वयंपाकघराला मात्र सवलत नाही. तिथं रोज, चार लिटरांत काम होतं. सासूबाईंच्या पलंगाभोवतीही मी रोज घट्ट पिळलेलं फडकं फिरवते.

आठवड्यातून दोनदा पुसणं काकूंना शोभतं, कारण घरात दोघंच, चपला बाहेर, दुपारी खिडक्या बंद. शिवाय काकांचा तोल जातो आणि ओल्या फरशीवर पाय घसरणं म्हाताऱ्या माणसाला फार महागात पडतं. त्यांच्याकडं पुसणं सकाळी काका फिरायला गेल्यावर होतं. हीच रीत रांगत्या बाळाच्या घरी मला चालणार नाही. पाहुण्यांची बंद खोली, देवघरामागची जागा, माडी यांना आठवड्यातून एकदा पुसलं तरी पुष्कळ.

फरशी कशाची आहे?

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून ती लवकर पुसून होते, पण तिच्यावर धूळ लगेच उठून दिसते आणि माणूस गरजेपेक्षा जास्त पुसतो. बोअरच्या जड पाण्यानं पुसलं की पांढरे ओघळ उमटतात, त्यावर उपाय घट्ट पिळलेला पोछा हाच. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. तिच्यावर ॲसिड, लिंबू, व्हिनेगर घालू नका. ॲसिड चुना खातं, फरशी खडबडीत होते आणि त्या खड्ड्यांत मळ घट्ट बसतो, मग रोज पुसूनही ती मळकीच दिसते. मोझॅकचंही तसंच, त्यात संगमरवराचे तुकडे असतात.

गावाकडं भावाचं घर माळवदाचं आहे. वरून माती गळतच असते. तिथं वहिनीनं रोज पुसायचा हट्ट धरला होता, पण दुपारपर्यंत पुन्हा मातीचा थर. मग त्यांनी माळवदाखाली जुन्या साड्या जोडून शिवलेलं छत ताणून बांधलं. आता झाडणं रोज आणि पुसणं तिसऱ्या दिवशी, तरी घर आधीपेक्षा स्वच्छ. दर दोन-तीन महिन्यांनी ते छत सोडून बाहेर झटकतात. सारवलेल्या जमिनीला पोछ्याचा उपयोग नाही, तिथं सारवण हाच उपाय. पण बाळंतिणीची खोली शेणानं सारवू नये. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात आणि नाळेची जखम ओली असते.

पाण्यात काय घालायचं

रोजच्या पुसण्याला साधं पाणी किंवा थोडासा साबण पुरतो. फिनाईलचा वास आला म्हणजे जंतू मेले असं नाही. जंतुनाशक घातलं तर ते फरशीवर काही मिनिटं ओलं राहावं लागतं, आणि मळावर ते नीट काम करत नाही. आधी मळ काढायचा, मग जंतुनाशक. घरात कुणाला उलटी-जुलाब झाले, कुत्र्यानं घाण केली, मटणाचं पाणी सांडलं, तेव्हा ते वापरावं. ब्लीचिंग आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. दारावर येणारं सुट्टं फिनाईल थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय तर आजच मोडा. लहान मुलं ते पितात.

पोछ्याची गत सगळ्यात वाईट असते. काल पुसलेलं फडकं बादलीतच पिळून पडलेलं, आंबट वास मारतंय, आणि आज त्यानंच बाळाची खोली पुसायची. असं रोज पुसण्यापेक्षा स्वच्छ, कडकडीत वाळलेल्या फडक्यानं एक दिवसाआड पुसलेलं मला कधीही चालेल. पाणी काळं झालं की बदलायचं. स्वयंपाकघरापासून सुरुवात करून दाराशी संपवायचं, म्हणजे दारातला मळ आत ओढला जात नाही. उरलेलं पाणी बादलीत तसंच ठेवायचं नाही. फिनाईल नसेल तर झाडाला, असेल तर संडासात.

पावसाळ्यात सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. मे महिन्यात पंख्याखाली फरशी दहा मिनिटांत वाळते, जुलैत तासभर ओलसर राहते आणि कोपऱ्यांत कुबट वास धरतो. काळ्या मातीचा चिखल दारात येतो तो ओला असताना पुसला तर नुसता पसरतो. वाळू द्यावा, झाडून काढावा, मग पुसावा. त्या चार महिन्यांत मी स्वयंपाकघरासोबत दारासमोरचा भागही रोज पुसते, बाकीचं घर तिसऱ्या दिवशी, सकाळी लवकर, पंखे लावून. आणि पोछे दोन ठेवते, कारण एक वाळायला दोन दिवस लागतात.