कोनो वीडर : दोन पावसाळे वापरल्यानंतर

गेल्या वर्षी मिरगाच्या आधी गोव्यातील डिचोलीच्या शेती अवजारांच्या एका दुकानातून मी हाताने चालवायचे कोनो वीडर विकत घेतले. सोरदाच्या, म्हणजे पावसाळी, भाताचे दोन हंगाम बेणणीला (तण काढायला) ते वापरले, म्हणून आता त्याविषयी लिहायला हरकत नाही. शेत लहान आहे, डोंगराच्या पायथ्याशी, जांभ्याच्या तांबड्या मातीचे. लावतो ती ज्योती ही भाताची जात, कारण उकड्या तांदळाची पेज आमच्याकडे चुकत नाही.

अवजार साधे आहे. लांब दांडा, पुढच्या टोकाला चिखलावरून सरकत जाणारा पत्रा आणि त्याच्या मागे एकमेकांच्या उलट दिशेला तोंड करून बसवलेले दोन कापलेले शंकू, ज्यांच्यावर सरळ व दातेरी पाती आळीपाळीने लावलेली असतात. ढकलताना पहिला शंकू चिखल एका अंगाला लोटतो, दुसरा तो परत दुसऱ्या अंगाला आणतो आणि मधले गवत उपटून तिथेच गाडले जाते. कुणग्यात (शेताच्या बांध घातलेल्या तुकड्यात) दोन-तीन सेंटिमीटर पाणी असेल तर काम सुरेख होते. आषाढाच्या पावसात पाणी घोट्याच्या वर गेले, तर उपटलेले गवत तरंगते आणि पाणी उतरल्यावर पुन्हा मूळ धरते. पाणी अगदीच आटले, तर शंकूंत चिखल भरून ते फिरायचेच थांबतात. त्यामुळे आदल्या संध्याकाळी मेर (बांध) फोडून पाणी बेताचे करून ठेवणे हा बेणणीचाच भाग झाला आहे.

दुकानदाराने सांगायला हवी होती ती गोष्ट मात्र सांगितली नाही. दोन ओळींत २०-२५ सेंटिमीटर अंतर नसेल तर हे अवजार निरुपयोगी ठरते. पहिल्या वर्षी आमच्या बायांनी नेहमीच्या हाताने, जिथे जागा दिसेल तिथे तरवा (भाताची रोपे) लावला होता. एका कुणग्यात तेवढी मी हौसेने दोरी धरून लावणी करून घेतली होती. वीडर चालले ते तेवढ्याच कुणग्यात. बाकीच्या ठिकाणी पुन्हा वाकून, हातानेच बेणणी करावी लागली.

यंदा सगळीकडे चारसूत्री पद्धतीने लावणी केली, आणि अवजाराचा खरा उपयोग तेव्हा कळला. डॉ. ना. कृ. सावंत यांनी मांडलेल्या या पद्धतीत चार चुडांचा (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्यांचा) १५ बाय १५ सेंटिमीटरचा चौकोन आणि दोन चौकोनांमध्ये २५ सेंटिमीटरची वाट असते. चौकोनाच्या मध्यभागी युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची; हेक्टरी ६२,५०० गोळ्या लागतात. वीडर वाटेतून जाते, गोळी चौकोनात सुरक्षित राहते. खत भाताच्या मुळाशी, पाती गवताच्या मुळाशी, असे काम सरळ वाटून जाते.

हे मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे खत आणि बेणणी ही दोन वेगळी कामे मानली जातात. गवत उभे असताना वरून युरिया फेकला की त्यातला बराच वाटा गवत खाते, आणि लव्हाळा व रानटी सावा या बाबतीत भातापेक्षा चलाख आहेत. पाण्यावर फेकलेल्या युरियाचे आणखीही नुकसान होते : काही नत्र वायू होऊन उडते, काही मेरेवरून पाण्याबरोबर जाते. ४५ किलोच्या पोत्यात नत्र जेमतेम २१ किलो असते, त्यातले किती पिकाला पोहोचते हे बेणणी कधी केली यावरही ठरते. लावणीनंतरचे पहिले सहा आठवडे सर्वांत मोलाचे; याच काळात फुटवे ठरतात. त्यानंतर कितीही स्वच्छ बेणले तरी हुकलेले फुटवे परत येत नाहीत. मी पहिला फेरा लावणीनंतर साधारण बाराव्या दिवशी, दुसरा त्यानंतर दहा-बारा दिवसांनी घेतो. गाडलेले गवत कुजून खत होते हा वरचा फायदा. अर्थात हिरवळीचे खत म्हणून घालतात त्या गिरिपुष्पाच्या पाल्याची बरोबरी त्याला नाही.

एक काम हातानेच उरते. चुडाच्या आतून उगवलेला सावा वीडरला सापडत नाही आणि तो कोवळेपणी हुबेहूब भातासारखा दिसतो. पान जिथे खोडाला मिळते तिथे भाताला पातळ पापुद्र्याची जिभळी असते, साव्याला नसते. आमच्या शेतावर येणारी वयस्कर बाई मात्र पान न उलगडता, नुसत्या हिरव्या छटेवरून तो ओढून काढते. (अर्धकच्चे शेणखत घातले, त्या कुणग्यात हे गवत जास्त उगवले, आणि तो दोष अवजाराचा नव्हे, माझा.)

उत्पन्नाचे म्हणाल, तर पहिल्या वर्षी वीडर चाललेल्या कुणग्यात शेजारच्या तेवढ्याच कुणग्यापेक्षा अर्धे पोते भात जास्त मिळाले. तो कुणगा थोडा खोलगट आहे आणि वरचा गाळ तिथे साठतो, हेही सांगायला हवे. सगळे श्रेय अवजाराला देणे योग्य होणार नाही. मजुरीत झालेली बचत मात्र निर्विवाद आहे. जिथे दोन बायांचा अख्खा दिवस जाई, तिथे आता एक माणूस दुपारच्या पेजेपर्यंत मोकळा होतो. त्याच्या खांद्यांना मात्र हे काम लागते, कारण पुढे-मागे, पुढे-मागे असे सतत ढकलावे लागते.

तक्रारी दोन. दांड्याची उंची बदलायच्या भोकांमधला बोल्ट पहिल्याच पावसाळ्यात गंजून धरला. मागच्या शंकूचा बुश (आसावर बसणारी नळी) दुसऱ्या हंगामात झिजला आणि शंकू डुगडुगू लागला. सुटा बुश मागितला तर दुकानदाराने नवे वीडरच घ्यायला सांगितले. शेवटी साखळी गावातल्या एका लेथवाल्याकडून पितळेचा बुश करून घेतला. त्यानंतर दर फेऱ्याला धुऊन, पुसून, जुने इंजिन ऑईल लावून अवजार माळ्यावर ठेवतो, आणि आतापर्यंत तो बुश टिकून आहे.