तापमानवाढ: निसर्गाचं चक्र की माणसाची करणी? दोन्ही बाजू शेजारी मांडून

निफाडला माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. जुन्या वेली काढून नवी लागवड करायची की नाही, यावर घरात सध्या खल चाललाय. द्राक्षबाग एकदा उभी केली की बारा-पंधरा वर्षं तिच्याशी संसार करावा लागतो. मंडप, ठिबक, कलमं हा सगळा खर्च आधीच होतो. मामांचं म्हणणं असं, "अगं, हे फिरतं चक्र आहे. बहात्तरला कुठे होत्या एवढ्या गाड्या? तरी विहिरी कोरड्या पडल्याच ना? चार वर्षं वाईट जातात, चार चांगली. फिरेल परत." मामेभाऊ म्हणतो, हे फिरणारं नाही; माणसानं केलंय आणि ते वाढतच जाणार.

हा वाद नुसता गप्पांपुरता नाही. चक्र असेल तर कळ काढण्यात शहाणपण आहे. माणसाची करणी असेल तर वाट बघून हाती काही लागणार नाही, बाग वेगळ्या हवेसाठी उभी करावी लागेल. म्हणून मी दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. माझं मत लपवत नाही: आजची तापमानवाढ माणसामुळे आहे, याबद्दल मला शंका उरलेली नाही. पण मामांच्या म्हणण्यात जे खरं आहे ते आधी सांगितलं पाहिजे.

मामांचं कुठे बरोबर आहे

माणूस नव्हता तेव्हाही हवामान बदलत होतं. कसारा किंवा वरंध घाटातून जाताना डोंगराचे पायऱ्यांसारखे थर दिसतात ना, तो सगळा लाव्हा आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो टप्प्याटप्प्याने लाखो वर्षं वाहत होता, आणि त्यासोबत बाहेर पडलेल्या वायूंनी पृथ्वीचं हवामान हलवलं. अलीकडचं उदाहरण शिरूर तालुक्यातल्या इनामगावचं. घोड नदीकाठची ती ताम्रपाषाणयुगीन वस्ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी खालावत गेली. पाऊस कमी होत गेला हे त्याचं कारण असावं, असं तिथे उत्खनन केलेल्या काही पुरातत्त्वज्ञांनी मांडलं आहे.

आणि बहात्तर. १९७२ हे अल निनोचं वर्ष होतं. अशा वर्षी पॅसिफिक महासागराचा विषुववृत्ताजवळचा भाग नेहमीपेक्षा तापतो आणि आपल्याकडचा मान्सून पुष्कळदा दुबळा होतो. १८७६ ते ७८ मध्ये दख्खनमध्ये माणसं अन्नावाचून गेली, तेव्हाही एक मोठा अल निनो होता. त्या काळी ना मोटारी होत्या, ना औष्णिक वीजकेंद्रं. तेव्हा "दुष्काळ पूर्वीही पडत होते" हे वाक्य शंभर टक्के खरं आहे.

फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. आपल्या गावात पाऊस पडला की नाही हा एक प्रश्न, आणि सगळ्या पृथ्वीची सरासरी उष्णता वाढतेय का हा दुसरा. अल निनो उष्णता तयार करत नाही. समुद्रात साठलेली उष्णता तो हवेत सोडतो, ला निना, म्हणजे त्याचं उलटं रूप, ती परत समुद्रात दडवते. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात गेले तर एक खिसा हलका व्हायला हवा. तसं झालंय का, हे बघता येतं. जगभरच्या समुद्रांत सुमारे चार हजार तरंगती यंत्रं सोडलेली आहेत. ती दोन किलोमीटर खोल बुडी मारून वर येतात आणि तापमान कळवतात. त्यांचं सांगणं असं की हवा तापत असताना समुद्रही तापतोय. किंबहुना पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेतली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रातच जातेय. दोन्ही खिसे फुगत असतील तर पैसा बाहेरून येतोय. आणखी एक गोष्ट: १९९८ हे प्रचंड अल निनोचं, तेव्हाचं विक्रमी उष्ण वर्ष. २०२२ हे ला निनाचं, म्हणजे तुलनेनं थंड असायला हवं असं वर्ष. तरीही जगाच्या सरासरीत २०२२ हे १९९८ पेक्षा गरम निघालं.

मग निसर्गातलं नेमकं काय?

"नैसर्गिक चक्र" म्हणताना त्या चक्राचं नाव सांगावं लागतं, आणि ते आज कोणत्या दिशेला फिरतंय हेही दाखवावं लागतं. माझ्या मते ही बाजू इथेच अडकते.

पृथ्वीच्या कक्षेचा आकार, आसाचा कल आणि त्याचं डोलणं यांची चक्रं सर्बियन शास्त्रज्ञ मिलुतिन मिलांकोविच यांनी मांडली. ती साधारण एक लाख, ४१ हजार आणि २३ हजार वर्षांची आहेत. हिमयुगं त्यांच्याच तालावर येत-जात राहिली. पण शेवटच्या हिमयुगातून बाहेर पडताना पृथ्वी जे चार ते सात अंशांनी तापली, त्याला दहाएक हजार वर्षं लागली. आता सव्वा अंशाच्या आसपास वाढ दीडशे वर्षांत झाली आहे, आणि तिचा मोठा भाग गेल्या ५० वर्षांतला आहे. शिवाय ही चक्रं गेली काही हजार वर्षं पृथ्वीला अगदी हळू थंडीकडे नेत होती. म्हणजे दिशाही उलटी.

सूर्याचं तर थेट मोजमाप आहे. १९७८ पासून उपग्रह सूर्याकडून येणारी ऊर्जा मोजताहेत. ११ वर्षांच्या चक्रात ती सुमारे ०.१ टक्का वर-खाली होते. १९८० च्या दशकानंतर तिचा कल वाढीचा नाही, किंचित घटीचाच आहे. सूर्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आपल्या म्हणण्यावर पैसेही लावले होते. २००५ मध्ये दोन रशियन सौरभौतिकशास्त्रज्ञांनी ब्रिटिश हवामानतज्ज्ञ जेम्स ॲनन यांच्याशी दहा हजार डॉलरची पैज लावली, की सूर्य मंदावतोय, त्यामुळे २०१२ ते १७ हा काळ १९९८ ते २००३ पेक्षा थंड असेल. सूर्य खरंच मंदावला. २००८ च्या सुमाराला सुरू झालेलं सौरचक्र शंभरेक वर्षांतल्या सगळ्यात दुबळ्या चक्रांपैकी होतं. तापमान मात्र वाढलं.

ज्वालामुखींबद्दल थोडक्यात. १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनातुबो फुटला, तेव्हा त्याच्या गंधकयुक्त कणांनी जग वर्ष-दोन वर्षं अर्ध्या अंशाच्या आसपास थंड झालं. आणि सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जितका कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या एक टक्काही नाही.

निफाडची रात्र

माणसाच्या बाजूचा पुरावा समजायला मला एक जानेवारीची रात्र उपयोगी पडली. आकाश निरभ्र, उत्तरेचा वारा, आणि संध्याकाळपासून पारा घसरत चाललेला. अशा थंडीत मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात. रात्री दोनला मामांनी सगळ्यांना उठवलं. ओळींच्या मधून शेकोट्या पेटवल्या, ठिबक चालू केलं. मांडवाच्या खांबाला बांधलेल्या थर्मामीटरवर पाच अंश दिसत होते. पहाटे चारच्या सुमाराला पश्चिमेकडून ढग सरकत आले. तासाभरात, सूर्य उगवायच्या आधीच, पारा वर चढायला लागला. मामा म्हणाले, "झाकण पडलं. जा, झोपा आता."

त्यांचं ते "झाकण" म्हणजेच हे सगळं शास्त्र आहे. जमीन दिवसा तापते आणि रात्री ती उष्णता न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात आकाशाकडे सोडते. ढग ती अडवतात. कार्बन डायऑक्साइडही अडवतो, हे आयर्लंडचे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत मोजलं होतं. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांत अरेनियस यांनी कागदावर गणित मांडलं, की हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल. तेव्हा कुणाला पर्यावरणाचं राजकारण माहीतही नव्हतं.

आता कसोटी अशी. सूर्यामुळे तापत असेल तर उष्णता वरून येतेय, म्हणून वातावरण तळापासून माथ्यापर्यंत तापायला हवं. झाकणामुळे तापत असेल तर झाकणाखाली गरम आणि वरच्या थरात थंड व्हायला हवं. हवामानशास्त्रज्ञ स्यूकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी १९६७ मध्ये, मोजमापं हाती नसतानाच, हे दुसरं चित्र गणितातून काढलं होतं. पुढे उपग्रहांनी आणि फुग्यांनी मोजलं, तर जमिनीलगतचा थर तापतोय आणि वरचा स्थितांबर (स्ट्रॅटोस्फिअर) थंड होतोय. स्थितांबराच्या खालच्या भागात ओझोन घटल्याचाही वाटा आहे, पण वरच्या भागातली थंडी मुख्यतः कार्बन डायऑक्साइडची आहे. मानाबेंना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. १९७० आणि १९९७ च्या उपग्रहांनी अवकाशात निसटणारी उष्णता मोजली होती. ती शेजारी ठेवली तर कार्बन डायऑक्साइड ज्या पट्ट्यात उष्णता शोषतो, नेमकी तिथेच घट दिसते.

मला स्वतःला सगळ्यात जास्त पटलेला पुरावा हाच. याचं उत्तर निसर्गचक्राच्या बाजूकडून मी खूप शोधलं. सापडलं नाही.

पण तो कार्बन माणसाचाच कशावरून?

हा प्रश्न रास्त आहे. जंगलं कुजतात, समुद्रातून वायू सुटतो, निसर्गाची देवाणघेवाण माणसाच्या उत्सर्जनाच्या कितीतरी पट मोठी आहे. मग माणसाला दोष का?

आधी साधा जमाखर्च. माणूस इंधन जाळून आणि जंगलं तोडून वर्षाला सुमारे चार हजार कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. हवेतली वाढ मात्र त्याच्या जेमतेम निम्मी भरते. उरलेला समुद्र आणि झाडं गिळतात. समुद्राच्या पाण्याची आम्लता वाढतेय ती त्यामुळेच. निसर्ग बँकेत पैसे भरत असता तर शिल्लक आपण भरल्यापेक्षा जास्त दिसली असती. ती कमी दिसतेय, म्हणजे निसर्ग एकूण घेतोय, देत नाही.

दुसरी खूण कार्बनच्या अणूंची. जिवंत झाडात किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कोळशात आणि तेलात तो संपलेला असतो. हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होतंय, हे रसायनशास्त्रज्ञ हान्स सूस यांनी १९५० च्या दशकातच दाखवलं. म्हणजे नवा कार्बन जुना, गाडलेला आहे. ज्वालामुखीचाही असू शकेल? नाही, कारण कार्बन-१३ चं, म्हणजे वनस्पती कमी घेतात त्या जरा जड कार्बनचं, प्रमाणही घटतंय, आणि ती खूण मुळात वनस्पतींपासून बनलेल्या कार्बनची आहे. जुना आणि वनस्पतीजन्य, म्हणजे कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू. भरीला हवेतला ऑक्सिजनही, जाळल्यावर व्हावा तसा, अतिशय सूक्ष्म प्रमाणात कमी होतोय.

अंटार्क्टिकाच्या बर्फात आठ लाख वर्षांपूर्वीपर्यंतची हवा बुडबुड्यांत अडकलेली आहे. त्या सगळ्या काळात हा वायू दशलक्षात सुमारे १८० ते ३०० भागांच्या मध्ये राहिला. कारखानदारीपूर्वी तो २८० होता. १९५८ मध्ये शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ होता. आता ४२० च्या पुढे गेलाय.

याच बर्फावरून एक आक्षेप घेतला जातो: हिमयुगं संपताना आधी तापमान वाढलं, वायू मागून वाढला. अंटार्क्टिकापुरतं ते बऱ्याच अंशी खरं आहे. सुरुवात कक्षेच्या बदलानं केली, समुद्र तापून त्यातून वायू सुटला, आणि त्यानं ती वाढ आणखी ताणली. वायू तेव्हा पुढची पायरी होता, आज तो पहिली पायरी आहे. सह्याद्रीच्या लाव्ह्याचंही तसंच. त्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडनं हवा तापली असेल, तर त्यातून या वायूचंच बळ दिसतं.

जिथे अजून मोकळी जागा आहे

संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरसरकारी समितीनं २०२१ मध्ये हिशोब मांडला: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात सुमारे १.१ अंश वाढ, आणि माणसाचा अंदाजे वाटाही जवळपास तेवढाच. सूर्य आणि ज्वालामुखी मिळून शून्याच्या आगेमागे. कॅलिफोर्नियाचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना या सगळ्या नोंदींवर शंका होती. त्यांनी स्वतःचा चमू जमवून त्या नव्याने तपासल्या, आणि २०१२ मध्ये वाढ जवळजवळ पूर्णपणे माणसामुळेच असल्याचं जाहीर केलं. मत बदलल्याचं असं उघड सांगणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

वाद शिल्लक आहे तो पुढच्या गोष्टींवर. वायू दुप्पट झाला तर किती तापेल? बहुधा अडीच ते चार अंश, आणि ही फट लहान नाही. ढग कसे वागतील हेही पुरतं उलगडलेलं नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या वाढीत निसर्गाचा थोडा हातभार होता. भारतात १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे ०.७ अंशच वाढ झाली, असं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेला २०२० चा सरकारी अहवाल सांगतो. हवेतल्या धुरकट कणांनी आणि सिंचनानं आपल्याकडची वाढ काहीशी दबलेली आहे. आणि एखाद्या वर्षीच्या एका गारपिटीचं खापर थेट तापमानवाढीवर फोडायला मी तयार नाही.

हे सगळं मी मामांना एका रविवारी ओसरीवर बसून सांगितलं. त्यांनी मध्ये फारसं तोडलं नाही. शेवटी विचारलं, "मग आता थंडी पडायचीच नाही का?" मी म्हटलं, "पडेल की मामा. उत्तरेचा वारा आणि निरभ्र आकाश राहणारच. वाढ आहे ती सरासरीत. पण चक्र फिरून सरासरी जुन्या जागी येईल, या भरवशावर पंधरा वर्षांची बाग लावू नका."

नवी लागवड निम्म्या रानात करायचं ठरलंय. उरलेले पैसे शेततळ्यावर आणि अवकाळी पावसासाठी प्लास्टिकच्या आच्छादनावर जातील. बांधावर रचून ठेवलेली शेकोटीची लाकडं मामेभाऊ हलवायला निघाला होता. मामांनी ती तिथेच ठेवायला सांगितली.