‘रॉ फाइल दुरुस्ती’च्या नावाखाली उकळलेले पैसे

बहिणीच्या लग्नाची छायाचित्रे हाती आली, तेव्हा अंतरपाटापासून सप्तपदीपर्यंतची जवळजवळ सगळीच काळवंडलेली होती. छायाचित्रकाराने कार्यालयातल्या अपुऱ्या उजेडाला दोष दिला आणि मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइल, आपल्याकडे आहेत, त्यांवर विशेष सॉफ्टवेअरने काम करावे लागेल, असे सांगून ठरलेल्या रकमेखेरीज १२,००० रुपये आगाऊ घेतले.

परत आलेली छायाचित्रे उजळ होती खरी. पण आजीच्या जांभळ्या पैठणीवर तपकिरी डागांचे थर उमटले होते, आणि नॉइज, म्हणजे काळोख्या भागातले रवाळ ठिपके, घालवण्याच्या नादात तिच्या कपाळावरचे गोंदणही पुसले गेले होते.

फाइलमधली माहिती पाहिल्यावर उलगडा झाला. आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) १००, अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र; आकडा लहान तितके छिद्र मोठे) एफ/८, शटर १/२०० सेकंद, आणि फ्लॅशचे तोंड उंच छताकडे, हे तर लग्नाच्या व्हिडिओतही दिसते. अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा उजेड चौथाईवर येतो. इथे तर तो छतापर्यंत जाऊन, तिथे विखरून खाली यायचा होता. त्याच फ्लॅशवर एफ/४ आणि आयएसओ ८०० ठेवले असते, तर पाच स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे ३२ पट फरक पडला असता. उजेडाची सबब तर अगदीच लंगडी होती, कारण त्याने ठेवलेल्या सेटिंगवर कार्यालयातले दिवे छायाचित्रात फारसे नोंदलेच जात नाहीत.

इथपर्यंत हा निष्काळजीपणा म्हणता येईल. फसवणूक पुढे आहे. लाइटरूमसारख्या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या फाइलमध्ये, माहिती मुद्दाम वगळली नसेल तर, मूळ फाइलचे नाव आणि केलेले बदलही नोंदलेले राहतात. एक्झिफटूल या मोफत साधनाने ते वाचले, तेव्हा प्रत्येक मूळ नावाच्या शेवटी रॉचे नव्हे, तर जेपीईजीचे (आकाराने लहान केलेल्या नेहमीच्या छायाचित्र-फाइलचे) एक्स्टेंशन होते, आणि एक्स्पोजरचा, म्हणजे उजेड किती वाढवला याचा, आकडा सगळीकडे तोच. आम्हाला आधी दिलेल्या फाइलच सरसकट उजळून परत केल्या होत्या! चौदा बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात, आठ बिटांच्या जेपीईजीमध्ये २५६. त्यामुळे काळोखातला तपशील ओढून काढायला तिथे फारसे काही उरलेलेच नसते. रॉ फाइल मागितल्यावर ‘त्या डिलीट झाल्या’ असे उत्तर मिळाले, आणि नंतर फोन उचलणेच बंद झाले.

अशा दुरुस्तीसाठी कोणी पैसे मागितले, तर आधी एक रॉ फाइल, म्हणजे निकॉनची एनईएफ किंवा कॅननची सीआर२ वा सीआर३, आपल्या पेनड्राइव्हवर घ्यावी आणि सर्वांत काळे छायाचित्र आपल्यासमोर उजळून दाखवायला सांगावे. एक-दोन स्टॉपची कसर रॉमधून बहुधा भरून निघते. पाच स्टॉपची हमी देणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नये. लग्नाआधीच्या करारात रॉ फाइल किती महिने जपून ठेवायच्या, हेही लिहून घ्यावे.