रोलर हॉकीचे शिन गार्ड: उन्हाळा, पावसाळा आणि सिमेंटची रिंक

शिन गार्ड, म्हणजे नडगी आणि गुडघा झाकणारं कवच, घेताना बहुतेक जण आधी अंगठ्याने फोम दाबून बघतात. जितका जाड तितका चांगला, असा हिशेब असतो. ऐन उन्हाळ्यापासून दिवाळी उलटून जाईपर्यंत एकच जोडी सलग वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय: आरामाचा पहिला संबंध लांबीशी, दुसरा पट्ट्यांशी, आणि जाडी त्यानंतर.

मी पुण्यात इनलाइन हॉकी खेळतो, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केटवरची रोलर हॉकी. रिंक सिमेंटची, वर पत्रे, बाजू उघड्या. माझी जोडी 14 इंची आहे आणि खास रोलरसाठी बनवलेली आहे. बाहेरून कडक प्लास्टिकचं कवच, गुडघ्यावर वेगळी बसवलेली वाटी, पोटरीच्या दोन्ही बाजूंनी वळणारा मऊ भाग, आत काढून धुता येणारं अस्तर आणि मागे तीन पट्टे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मॉडेलं सतत बदलतात. नाव लक्षात ठेवण्यापेक्षा काय बघून घ्यायचं ते लक्षात ठेवलेलं जास्त कामाला येईल.

रोलर हॉकीत मार कशाकशाचा लागतो ते आधी सांगतो, कारण त्यावरच निवड ठरते. पुढे दोन, मागे दोन चाकांच्या क्वाड स्केटवरच्या हॉकीत टणक चेंडू असतो, सुमारे 23 सेंटीमीटर घेराचा आणि 155 ग्रॅम वजनाचा. इनलाइनमध्ये पक, म्हणजे चपटी गोल चकती, असतो. रुंदीला तो आइस हॉकीच्या पकएवढाच, पण वजनाने हलका, आणि नीट घसरावा म्हणून त्याला बारीक गुंड्या असतात. हलका असला तरी जवळून मारलेला शॉट नडगीवर बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, कारण तिथे हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस जवळजवळ नसतंच. पण माझ्या अनुभवात पकपेक्षा स्टिकचे फटके कितीतरी जास्त. इनलाइनमध्ये अंगावर जाऊन धडक मारायला परवानगी नाही, त्यामुळे रिंकच्या कडेच्या बोर्डाजवळ पकसाठी झटापट झाली की सगळा जोर स्टिकांवर येतो, आणि त्या नेमक्या नडगीवर आणि घोट्याच्या वर आपटतात. म्हणजे गार्डचा खालचा तिसरा हिस्सा सर्वांत जास्त मार खातो. दुकानात मात्र सगळ्यांचं लक्ष गुडघ्याच्या वाटीवर असतं.

आता लांबी. गार्डवर इंचांत आकडा छापलेला असतो. मोठ्यांसाठी साधारण 14, 15, 16. उंचीवरून साइज सांगणारे तक्ते मिळतात, पण त्यांच्यावर विसंबू नका. एकाच उंचीच्या दोन माणसांचे गुडघ्याखालचे पाय वेगळे असतात. स्केट घालून, लेस बांधून खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात ठेवा आणि गुडघ्याच्या हाडाच्या वाटीच्या मध्यापासून स्केटच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावा. माझं माप साडेचौदाच्या आसपास येतं. संघातल्या एकाचे 15 इंची गार्ड मी आधी सरावाला घालून बघितले होते. उभं असताना एकदम छान वाटले. पण स्केटिंग कोणी ताठ उभं राहून करत नाही. गुडघा वाकवून खाली बसलं की गार्डची खालची कड स्केटच्या जिभेवर (लेसखालच्या पट्टीवर) टेकायची, अख्खा गार्ड वर ढकलला जायचा आणि गुडघा गार्डच्या वाटीच्या बाहेर पडायचा. प्रत्येक ढांगेला हेच. 14 इंचीत खाली दोन बोटांची फट राहते, ती स्केटची जीभ झाकते, आणि गुडघा वाटीत बसतो तो तिथेच राहतो.

जीभ गार्डच्या पुढे काढायची की मागे ठेवायची, यावर आमच्याकडे कायम वाद चालतो. पुढे काढली तर घोटा मोकळा वाकतो आणि फट झाकली जाते. मागे ठेवली तर गार्ड थोडा लांब लागतो. मी जीभ पुढे काढणाऱ्यांपैकी आहे. तुमची सवय काहीही असो, ती आधी ठरवा आणि मग माप घ्या.

क्वाडवाल्यांनी इथे जरा थांबावं. क्वाड हॉकीचा बूट इनलाइनच्या बुटापेक्षा बुटका असतो, घोट्यापाशी संपतो. त्यामुळे त्याच पायाला क्वाडवर जास्त लांब गार्ड लागू शकतो. दोन्ही प्रकार खेळणाऱ्या मुलांना एकच जोडी देऊन भागवलं जातं आणि मग घोट्याच्या वरची बोटभर जागा उघडी राहते. चेंडू बरोबर तिथेच लागतो.

मुलांच्या आई-वडिलांना कळकळीने सांगावंसं वाटतं: कपडे वाढत्या अंगाचे घ्या, शिन गार्ड घेऊ नका. मोठा गार्ड दोन वर्षं पुरेल हे खरं, पण त्या दोन वर्षांत मूल गुडघा पूर्ण वाकवायलाच शिकणार नाही. ताठ पायाने स्केटिंग करणारी कितीतरी मुलं मी बघितली आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या पायातले गार्ड बदलताच त्यांची बैठक खाली आली.

पट्ट्यांबद्दल कोणी फारसं बोलत नाही, पण आराम इथे बिघडतो. माझ्या जोडीत वरचा पट्टा गुडघ्याच्या मागच्या लवणीच्या जेमतेम खाली येतो. तो थोडा वर सरकला की लवणीत रुततो, आणि घाम आला की तिथे लाल वळ उठतो. एप्रिल-मेमध्ये याचा फार त्रास झाला. उपाय दोन. एक म्हणजे आतून पातळ, घट्ट बसणारी लांब टाइट घालायची; उघड्या कातडीवर पट्टा नकोच. दुसरा म्हणजे पट्टे बांधायचा क्रम. स्केट चढवून झाल्यावर गुडघे वाकवायचे आणि त्या स्थितीत आधी मधला पट्टा आवळायचा, मग खालचा, आणि वरचा सर्वांत शेवटी, सैलसर. मधला पट्टा पोटरीच्या फुगीर भागाच्या किंचित वर बसला की गार्ड खाली घसरत नाही.

गार्ड फिरतो का, हेही तपासायला हवं. कवचाच्या मधोमध उभी कणा असल्यासारखी धार असते. ती नडगीच्या हाडासमोर राहिली पाहिजे. खेळ संपल्यावर, काहीही सोडण्याआधी, पँटवरून हात फिरवून ती धार कुठे आहे ते बघा. बाहेरच्या बाजूला सरकली असेल तर गार्ड पोटरीला रुंद पडतोय. आमच्या संघातल्या एका बारीक पायांच्या मुलीला हाच त्रास होता. पट्टे कितीही आवळले तरी गार्ड फिरायचा. शेवटी ती मोठ्यांची साइज सोडून ज्युनिअरमधल्या 13 इंचीवर गेली आणि प्रश्न मिटला.

हवा खेळती राहण्यासाठी कवचाला भोकं आहेत आणि जाहिरातीत त्यांचं फार कौतुक असतं. इनलाइनमध्ये गार्डवर लांब पँट येते, त्यामुळे खेळताना त्या भोकांतून गार वारा वगैरे काही लागत नाही. त्यांचा खरा फायदा नंतर होतो, गार्ड वाळताना. आइस हॉकीचे जाड गार्ड इथे चालतील का, असं बरेच जण विचारतात. संरक्षण उत्तम मिळेल. पण पुण्याच्या उन्हाळ्यात अर्ध्या तासात त्यांचं अस्तर घामाने जड होतं आणि पाय उचलताना ते वजन जाणवतं. गारठ्यातल्या खेळासाठी बनवलेली वस्तू आहे ती.

स्वस्तात भागवायचं तर मैदानी हॉकीचे शिन गार्ड आणि वेगळे नी पॅड (गुडघ्याचे पॅड), हा आपल्याकडचा रुळलेला मार्ग. जालंधर-मेरठचा माल सगळीकडे मिळतो आणि नडगीपुरता तो वाईट नाही. नुकतं शिकणाऱ्याला मी नको म्हणणार नाही. अडचण असते ती पॅड आणि गार्ड यांच्यामधल्या फटीची. गुडघा वाकला की ती उघडते, आणि वाटीच्या लगेच खालचं हाडाचं टेंगूळ उघडं पडतं. सामने खेळायला लागलात की एकसंध गार्डच घ्या. फुटबॉलचे छोटे गार्ड मात्र अजिबात नकोत. त्यांत गुडघा, घोट्याची बाजू, पोटरी, सगळंच उघडं.

सिमेंटने माझ्या गार्डच्या वाट्यांची काय अवस्था केली तेही सांगतो. बर्फावर गुडघा टेकला तर घसरतो, सिमेंटवर घासतो. आधी पँट फाटते, मग वाटीचं प्लास्टिक खरवडलं जातं. माझ्या डाव्या वाटीचा खालचा भाग पांढरा आणि खरखरीत झालाय, पण तडा नाही. आतली गोल गादी मात्र दबून चपटी झाली आहे, आणि हल्ली गुडघ्यावर पडलो की पूर्वीपेक्षा जास्त जाणवतं. ही गादी वेगळी विकत मिळत नाही, ही माझी या जोडीबद्दलची खरी तक्रार. एवढ्या पैशांत ती बदलता यायला हवी होती.

पावसाळ्यात वासाने जीव नकोसा होतो. घरी आल्यावर गार्ड बॅगेतून काढायचे, अस्तर सोडवायचं, कवचात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि रात्रभर पंख्याखाली ठेवायचे. एवढं नेमाने केलं तर बुरशी धरत नाही. अस्तर कोमट पाण्यात, सौम्य साबणाने हाताने धुवायचं. कडक उन्हात ठेवू नका, फोम कडक होतो आणि चिकटवलेले कोपरे सुटतात. वेल्क्रोमध्ये धागे आणि केस अडकून त्याची पकड जाते. जुन्या टूथब्रशने घासलं की बरीच परत येते. माझ्या उजव्या गार्डचा मधला पट्टा सप्टेंबरात पार गेला. रविवार पेठेतून मीटरवर वेल्क्रो आणलं आणि बॅग शिवणाऱ्याकडून लावून घेतलं. मूळच्या पट्ट्यापेक्षा ते आता जास्त घट्ट धरतं.

दुकानात जाताना स्केट, पँट आणि आतली टाइट बरोबर न्या. सगळं चढवा, पूर्ण खाली बसा, उठा, परत बसा, एका गुडघ्यावर टेका. दुकानदार स्केट घालू देत नसेल तर घरून माप लिहून न्या आणि टेप तिथे गार्डवर लावून बघा, वाटीच्या आतल्या मध्यापासून खालच्या कडेपर्यंत, कारण कंपनीगणिक 14 इंच सारखे नसतात. ऑनलाइन मागवत असाल तर परत करायची सोय आहे का ते आधी वाचा, आणि घरच्या फरशीवर घालून बघेपर्यंत लेबल काढू नका.