हिरो एक्सपल्स बाईकला एसएस (स्टेनलेस स्टील) अ‍ॅलन बोल्टचं किट, दोन पावसाळे वापरल्यावर

नवीन बसवलं की हे किट सगळ्यांनाच भारी वाटतं, चकाचक दिसतं ना, म्हणून दोन पावसाळे थांबून मग लिहितोय. नाना पेठेतून घेतलं, इंजिनच्या दोन्ही बाजूंच्या कव्हरचे, म्हणजे क्लच साईड आणि मॅग्नेट साईडचे बोल्ट मिळून साडेसहाशे रुपये. माल अस्सल आहे, डोक्यावर ए2-70 (स्टेनलेसचा ग्रेड) छापलंय आणि आजपर्यंत एकालाही गंज नाही, तेवढ्यापुरते पैसे वसूल.

पण चिखलात गाडी घालणार असाल तर अ‍ॅलन हेड, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेले, घेऊ नका. मुळशीकडचा चिखल त्या खाचेत जाऊन बसतो आणि वाळला की विटेसारखा घट्ट, मग 5 मिमीची अ‍ॅलन की आत पूर्ण जातच नाही, वरवर अडकते आणि जोर लावला की कोपरे गेलेच. खालचे चार बोल्ट मी दरवेळी आधी दाभणाने उकरायचो, रॉकेल सोडायचो, तरी एकाची खाच गोल झालीच. बटण हेड (चपट्या गोल डोक्याचे) तर त्याहून नाजूक, त्याला 4 चीच की लागते. कंपनीचे साधे फ्लँजवाले बोल्ट कसे, बाहेरून फडकं मारलं, 8 चा पाना लावला, काम झालं.

दुसरं म्हणजे लांबी. माझ्या किटमधले दोन बोल्ट 5 मिमीने लांब निघाले, असला बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो, हाताला टाईट लागतो पण कव्हर दाबलंच जात नाही, तिथूनच ऑइल पाझरतं, आणि आपण अजून पिळतो. मी पिळला, तर उलटा काढताना बोल्टसोबत अ‍ॅल्युमिनियमचे आटे बाहेर आले, अगदी चांदीच्या तारेसारखे गुंडाळलेले. हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग) मारून घ्यावं लागलं. तेव्हापासून जुने बोल्ट काढतानाच पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या त्या जागी खोचून ठेवतो आणि नवा प्रत्येक बोल्ट जुन्याशेजारी धरून बघतो.

एसएस म्हणजे जास्त मजबूत हा पण गैरसमज आहे बरं का, ए2-70 ची ताकद 700 मेगापास्कल, साध्या 8.8 ग्रेडच्या स्टील बोल्टची 800. एसएसचा फायदा फक्त गंजाचा, आणि तोही अर्धाच, कारण स्टील आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये पाणी गेलं की गंज अ‍ॅल्युमिनियमला धरतो, बोल्ट आत चिकटून बसतो. म्हणून आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट चिकटू नये म्हणून लावायची पेस्ट) हवंच, थोडंसंच, आणि ते लावलं की टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, थोडा कमी ठेवायचा. एम6 ला (6 मिमी जाडीचा बोल्ट, इथे तोच आहे) कोरडा असताना साधारण 10 न्यूटन मीटर पुरतो, तरी आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा. समोरासमोरचे बोल्ट दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे, एकदम एक नाही.

5 पैकी 3 देईन. खालचे चार परत कंपनीचे फ्लँजवाले टाकलेत, वरचे किटचेच आहेत, तिथे चिखल फारसा पोचत नाही.