‘योजनेत बसवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध

अंगणात घसरून आत्याचं मांडीचं हाड मोडलं. आतोबा तिला सिव्हिलला घेऊन गेले. केस पेपर झाला, एक्स-रे झाला, पण ऑपरेशनला चार-पाच दिवस थांबा म्हणाले. तेवढ्यात गळ्यात ओळखपत्राची फीत अडकवलेला एक जण जवळ आला. “आजींचे इथं हाल कशाला? ओळखीच्या हॉस्पिटलात योजनेत बसवून देतो. रुपया लागणार नाही.” अँब्युलन्स दारातच उभी होती. तो सिव्हिलचाच माणूस, असा घरच्यांचा समज झाला. प्रत्यक्षात तो पेशंटमागे कमिशन घेणारा दलाल निघाला.

ते खाजगी हॉस्पिटल महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या यादीत खरोखरच होतं! त्यामुळे संशय यायला जागाच नव्हती. या योजनेत सरकार प्रत्येक उपचाराचं ठरलेलं पॅकेज हॉस्पिटलला देतं. तपासण्या, औषधं, इम्प्लांट (शरीरात बसवायचा रॉड वगैरे), पेशंटचं जेवण, सगळं त्यातच येतं. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने ही योजना सुरू झाली, तेव्हा वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाचं संरक्षण होतं. आता ते ५ लाख आहे, आणि पांढऱ्या रेशनकार्डालाही चालतं.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री काउंटरवरून निरोप आला : “योजनेत साधा रॉड येतो, तो वाकतो. चांगला हवा असेल तर चाळीस हजार भरा. रोख.” आतोबांनी सोयाबीनचे आलेले पैसे नेऊन दिले. पावती म्हणून वहीचा फाडलेला कागद मिळाला. त्यावर ‘४०’ एवढा आकडा आणि कोंबडीचे पाय काढावेत तशी सही. ना शिक्का, ना तारीख.

खरी कमाल डिस्चार्जच्या दिवशी झाली. योजनेत पेशंटला घरी परतायचं बसभाडं मिळतं. ते पाकीट आत्याच्या हातात देऊन फोटो काढला, “आजी, जरा हसा” म्हणाले. चाळीस हजार घेऊन बसभाडं देतानाचा फोटो! मग एक छापील कागद पुढे आला : ‘उपचारासाठी माझ्याकडून कोणतीही रक्कम घेतलेली नाही.’ आतोबा खिशात चष्मा चाचपत होते, तोवर सिस्टरने बोट ठेवलं, “इथं करा सही.” म्हणजे पॅकेजचे पैसे सरकारकडून, वरचे आमच्याकडून, आणि पुरावा हॉस्पिटलच्या बाजूने.

योजनेच्या प्रत्येक हॉस्पिटलात, सरकारी असो की खाजगी, आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. पैसे मागितले की आधी तिथं जा. टेबल रिकामं दिसलं तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करा, पेशंट अ‍ॅडमिट असतानाच. सिव्हिलमधून कुणी हलवायला सांगितलं तर डॉक्टरांच्या सहीची रेफर चिठ्ठी मागा. दलालाकडे ती नसते. वरच्या पैशांची पक्की पावती मागून बघा, बऱ्याचदा मागणीच गळून पडते. आणि बिल थकलं म्हणून पेशंटला अडकवून ठेवता येत नाही. ती धमकीही सर्रास दिली जाते.

आम्ही त्या चिठोऱ्याचा फोटो जोडून योजनेकडे लेखी तक्रार दिली. थोड्याच दिवसांत हॉस्पिटलचा माणूस वीस हजार रोख घेऊन घरी आला. सोबत ‘तक्रार मागे घेतो’ असा तयार कागदही होता. या वेळी आतोबांनी आधी चष्मा लावला. सही केली नाही.