बाहेरून बसवलेला कार अलार्म : एक पावसाळा काढल्यानंतर

गाडीचं बेस मॉडेल घेतलं की रिमोट लॉक नसतं. मग अॅक्सेसरीच्या दुकानात जाऊन सेंट्रल लॉकिंग बसवायचं, आणि त्याच बॉक्समधून अलार्मही घरी येतो, हवा असो वा नसो. माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये हा सेट भर उन्हाळ्यात बसवून घेतला. दारांच्या मोटर, दोन रिमोट, सायरन, धक्का ओळखणारा शॉक सेन्सर आणि डॅशबोर्डवर लुकलुकणारा लाल दिवा. ब्रँड लिहीत नाही, या किमतीतल्या बहुतेक सेटची रचना सारखीच असते.

लॉकिंगबद्दल तक्रार शून्य. चारही दारं एका दमात लागतात, हातात पिशव्या असताना त्याची खरी किंमत कळते. अलार्मही जूनपर्यंत गुणी बाळासारखा होता. पहिला दमदार पाऊस झाला आणि त्याला कंठ फुटला. रात्री दोनला, पहाटे साडेचारला, गाडीजवळ मांजरसुद्धा नसताना. आमची डोंबिवलीतली सोसायटी जुनी, पार्किंग उघड्यावर, गाड्या एकमेकींना खेटून. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. सायरनच्या बॉक्सवर अभिमानाने १२० छापलेलं. तळमजल्यावरच्या काकूंना या आकड्यांशी देणंघेणं नव्हतं. "अहो, तुमची बया परत बोंबलतेय," एवढंच सांगून त्या फोन ठेवायच्या.

सगळ्यांचा सल्ला एकच : सेन्सिटिव्हिटी कमी करा. बसवणाऱ्या दुकानदाराचाही तोच. डॅशबोर्डच्या खाली शॉक सेन्सरची छोटी काळी डबी असते, तिच्यावरचा स्क्रू फिरवून संवेदनशीलता कमी-जास्त होते. हलका धक्का बसला तर दोन-चार टुकटुक आणि जोराचा बसला तर पूर्ण सायरन, अशा दोन पायऱ्या बहुतेक सेन्सरमध्ये असतात. सायलेन्सर काढलेली बुलेट गेल्यावर, सुतळी बॉम्ब फुटल्यावर किंवा विसर्जनाचं ढोलपथक शेजारून जाताना गाडी ओरडत असेल, तर स्क्रू जरूर फिरवा. आमच्याकडे वारा पडलेल्या, चिडीचूप रात्री ओरडायची. धक्काच नाही तर सेन्सर काय करणार?

स्क्रूशी खेळत बसण्यापेक्षा सोपी परीक्षा म्हणजे सेन्सरचं कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, सरळ काढून ठेवायचं. बाकी अलार्म तसाच चालू राहतो. मी काढलं, आणि त्याच रात्री सायरन वाजला. सेन्सर निर्दोष सुटला.

उरले स्विच : दारांचे, डिकीचा आणि बॉनेटचा. दारांचं उत्तर छतातल्या दिव्याकडे असतं. दिवा 'डोअर'वर ठेवायचा, सगळी दारं लावायची आणि बाहेरून एकेक दार जरा ढकलायचं, ओढायचं. दिवा क्षणभर जरी लुकलुकला तरी त्या दाराचा स्विच गेला समजा. डिकीचंही तसंच, तिथे दिवा असेल तर. आमच्याकडे दिवा ढिम्म. शिवाय या सेटमध्ये एक सोय आहे, ती दुकानदार सांगत नाहीत : अलार्म वाजून गेल्यावर रिमोटने गाडी उघडली की लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो आणि कुठून इशारा आला ते सांगतो. कोणत्या आकड्याचा काय अर्थ, ते तुमच्या सेटच्या पुस्तिकेत बघा, प्रत्येकाचं वेगळं असतं. माझ्या दिव्याने बॉनेटकडे बोट दाखवलं.

बॉनेट स्विच म्हणजे स्प्रिंगवरची एक खिट्टी. झाकण बंद असताना ती दाबलेली राहते. वर आली की वायर गाडीच्या बॉडीला टेकते, अर्थिंग मिळतं आणि अलार्म समजतो की बॉनेट उघडलं. फिटरने ती बसवली होती नेमकी बॉनेटच्या कडेला, जिथे काचेवरचं पाणी ओघळून येतं. रबराची टोपी ओढून काढली तर आत चहाच्या रंगाचं पाणी आणि खिट्टीच्या मुळाशी गंजाचा लालसर चिखल. बॉनेट बंद असतानाही तो चिखल अर्थिंग देत होता. दिवसा सुकायचं, रात्री पुन्हा ओल धरायची. पहाटेचे फोन तिथून येत होते.

पॉलिश पेपर आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने काही दिवस शांतता मिळाली, मग पुन्हा सुरू. या वेळी आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनने केलं ते मला फार आवडलं. त्याने घरून कणकेचा छोटा गोळा मागवला, खिट्टीच्या डोक्यावर ठेवला, बॉनेट लावलं आणि उघडलं. गोळा जेमतेम चपटा झाला होता, म्हणजे झाकण खिट्टीला नीट दाबतच नव्हतं. बॉनेटखालचे रबरी स्टॉपर अर्धा-पाऊण फेरा खाली घेतले, नवा स्विच आतल्या कोरड्या बाजूला हलवला, वायरीच्या जोडावर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवली. स्विचचे पैसे किरकोळ, मजुरी त्याहून जास्त, आणि ती त्याला हक्काची. बॉनेट उघडलंच आहे तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघून घ्या, पावसाळ्यात ते इंजिनाच्या उबेला येतात.

तरीही गणपतीच्या आसपास एकदोनदा वाजलाच. ते खातं वेगळं निघालं : बॅटरी. गाडी बाहेर पडते शनिवार-रविवारी आणि डॅशकॅमला मागच्या मालकाने थेट बॅटरीवरून वीज दिलेली. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी मल्टिमीटर लावला तर १२.१ व्होल्ट. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. व्होल्टेज पडलं की असे अलार्म भलतंसलतं वागतात. डॅशकॅम चावीच्या लाइनवर घेतला (चावी बंद की तोही बंद), बॅटरी चार्ज करून आणली, तेव्हापासून गप्प आहे.

आजच रात्रीची झोप वाचवायची असेल तर बॅटरीचं टर्मिनल काढायला धावू नका. काही सायरनमध्ये स्वतःची बॅटरी असते. मुख्य वीज तुटली की ते जास्तच पेटतात आणि त्यांच्या छोट्या चावीशिवाय थांबत नाहीत. साध्या सायरनचंही टर्मिनल परत लावताना पहिली किंकाळी ठरलेली. पुस्तिकेत व्हॅलेट मोड शोधा, त्यात लॉकिंग चालतं आणि अलार्म झोपतो. माझ्या सेटमध्ये रिमोटऐवजी किल्लीने दार लावलं तरी अलार्म चालू होत नाही.

अलार्म म्हणून याला मी पाचपैकी दोन देईन. इतक्या रात्री वाजला, पण 'चोर आहे का बघू' म्हणून एकही माणूस खाली उतरला नाही. वॉचमननेसुद्धा फक्त गाडीचा नंबर टिपून ठेवला, तोही तक्रारीसाठी. चोरीची धास्ती असेल तर इमोबिलायझरवाली चावी (तिच्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही) किंवा स्टिअरिंगचं जाडजूड लॉक बघा. लॉकिंगसाठी मात्र चार. एक तारा कापला तो रिमोटसाठी : रबरी बटणांवरची चिन्हं पुसली गेलीत, आणि उघडण्याऐवजी सायरनचं बटण दाबलं जातं.